निधनवार्तेचं जुनं कात्रण मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून सांभाळा

इंदूरच्या आमच्या घरी पणजोबांचं श्राद्ध आषाढ वद्य नवमीला होतं, पण ते कोणत्या साली गेले हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. वंशावळ लिहायला घेतली तेव्हा चुलत भावंडांच्या ग्रुपवर एकाचा नंबर आला. जुन्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता शोधून देतो म्हणे. आधी शोधायचे, मग ‘ग्रंथालयातल्या माणसाचे’, मग स्कॅनचे, असे यूपीआयवरून पैसे घेत गेला. दर वेळी गोड बोलून आणखी नावंही काढून घ्यायचा: मुलं किती, जावई कुठले, घर कोणत्या पेठेत.

कात्रण आलं तेव्हा आत्याच्या डोळ्यांना पाणी आलं. पिवळट कागद, काळी चौकट, ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की’, साल 1938. पण साल-तारीख सोडली तर आम्ही सांगितलं त्यापलीकडे त्यात एक अक्षर नव्हतं. खाली ‘इंदूर, मध्य प्रदेश’! 1938 मध्ये इथे होळकरांचं राज्य होतं. मध्य प्रदेश झाला 1 नोव्हेंबर 1956 ला. उरलंसुरलं पितळ तिथीनं उघडं पाडलं. कात्रणात नवमी आषाढ वद्यच, पण तारीख जूनची. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. म्हणून त्यांचा आषाढ कृष्ण पक्ष म्हणजे आपला ज्येष्ठ वद्य. त्या साली आपली आषाढ वद्य नवमी जुलैत होती. गड्यानं हिंदी पंचांग बघून तारीख ठोकून दिली होती. मराठी घरची निधनवार्ता अशी छापून येईल होय?

जाब विचारला तर म्हणाला, मूळ अंक दाखवायचे वेगळे पैसे. मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

असा कुणी भेटला तर वर्तमानपत्राचं नाव, अंकाची तारीख आणि अख्ख्या पानाचा फोटो मागा. नुसती चौकट कुणीही बनवतो. मृत्यूच्या नोंदीसाठी तर मध्यस्थ लागतच नाही. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कुणीही निबंधकाकडून नोंद शोधून घेऊन मृत्यूचं प्रमाणपत्र मागू शकतो. मृत्यूचं कारण तेवढं त्यात देत नाहीत. त्र्यंबकेश्वर-नाशिकला घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील तर त्यांच्या वंशावळीच्या वह्याही बघा.

परवा बडोद्याच्या मावसभावालाही असंच कात्रण आलं. चौकट हुबेहूब तीच, नावं त्यांच्या घरची, आणि मूळ अंकाचे पैसे मागणं चालू आहे.