निओ-फोर-जे कम्युनिटी आवृत्ती : नावावरून नोड शोधण्याचा अनुभव

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने काही मिनिटांत जाता येते. रस्त्याने जायचे तर चिपळूणचा वळसा पडतो. वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ अशा खाड्यांवरही तीच गत असल्यामुळे, घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना वाट सांगण्यासाठी मी गावे म्हणजे नोड आणि रस्ते व फेऱ्या म्हणजे त्यांतील दुवे अशी मांडणी केली. त्यासाठी निओ-फोर-जे या नोड आणि दुवे साठवणाऱ्या डेटाबेसच्या पाचव्या मालिकेतील विनामूल्य कम्युनिटी आवृत्ती दोन हंगाम वापरली.

पहिली चूक सर्वस्वी माझी. डेटाबेस प्रत्येक नोडला जो अंतर्गत क्रमांक देतो, तोच मी माझ्या प्रोग्राममध्ये लिहून ठेवला. नोड पुसला की तो क्रमांक पुढे दुसऱ्या नोडला मिळू शकतो, आणि तसेच झाले : धोपाव्याच्या जागी एक खानावळ आली. पाचव्या आवृत्तीत हे क्रमांकाचे फंक्शन कालबाह्य ठरवले आहे; त्याऐवजी आलेली मजकूररूप ओळखही एका व्यवहारापलीकडे (डेटाबेसमधील एका सलग कामापलीकडे) जपून ठेवण्याजोगी नाही, असे अधिकृत माहितीतच बजावले आहे.

म्हणून शोध नावावर आणला. ‘गाव’ हे लेबल (नोडचा प्रकार) आणि ‘नाव’ हा गुणधर्म यांवर एकमेवतेचे बंधन, म्हणजे एकाच नावाचे दोन नोड नकोत असा नियम, घातले की इंडेक्स, म्हणजे झटपट शोधाची सूची, आपोआप तयार होतो. मात्र डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात लेबल लिहायचे विसरलात तर तो इंडेक्स वापरला जात नाही आणि सगळे नोड चाळले जातात. शोध कसा चालला हे दाखवणारा ‘प्रोफाइल’ हा शब्द प्रश्नाला लावून पाहिल्यास हा फरक लगेच दिसतो.

पण पाली दोन आहेत, एक सुधागडातील आणि एक रत्नागिरी तालुक्यातील. तेव्हा नाव आणि तालुका या जोडीवर बंधन घातले; कम्युनिटी आवृत्तीत तेवढी सोय आहे. उणीव अशी की तालुका न भरलेला नोड या बंधनातून बिनबोभाट सुटतो, आणि दोन्ही गुणधर्म भरणे सक्तीचे करणारे बंधन केवळ सशुल्क आवृत्तीत मिळते. हा हात आखडता घेणे मला खटकले.

मराठीची खरी परीक्षा मिऱ्या बंदराने घेतली. त्यातला ऱ कोणी स्वतंत्र अक्षर म्हणून टंकतो, तर कोणी साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र जुळत नाहीत, आणि युनिकोडचे (संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतांचे) नेहमीचे सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणेही, हा भेद मिटवत नाही. त्यामुळे नोंदीपूर्वीची साफसफाई मलाच लिहावी लागली.

हर्णै की हर्णे, हा वाद मात्र साफसफाईने मिटणारा नव्हता. पर्यायी नावांची यादी एकाच गुणधर्मात ठेवली, तर त्यातील एकेका नावाचा शोध साध्या इंडेक्सवरून होत नाही. अखेर दोन्ही लेखनरूपांचे वेगवेगळे नाव-नोड केले आणि दोन्ही एकाच बंदराला जोडले. आता पाहुणा कोणतेही रूप टंको, वाट बंदरावरच पोहोचते.