पैसे साबी सँडचे, मुक्काम हेझीव्ह्यूला

दक्षिण आफ्रिकेत खासगी रिझर्व्हमधल्या, म्हणजे खासगी मालकीच्या अभयारण्यातल्या, लॉजवर राहायला जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. पुण्यातल्या एका टूर एजंटने आमच्याकडून साबी सँडमधल्या लॉजचे पैसे घेतले आणि आम्हाला उतरवलं हेझीव्ह्यू गावाजवळच्या एका साध्या लॉजवर, रिझर्व्हच्या बाहेर. आमच्या गटातल्या बाकीच्या कुटुंबांना तर हे मी सांगेपर्यंत कळलंही नव्हतं.

ते का कळत नाही, हे आधी सांगते. क्रुगर राष्ट्रीय उद्यान सरकारी आहे. त्याच्या पश्चिमेला लागून सुमारे 65,000 हेक्टरचं साबी सँड हे खासगी रिझर्व्ह आहे. दोघांमधलं कुंपण 1993 मध्ये काढलं, तेव्हापासून हत्ती, सिंह, गेंडे इकडून तिकडे मोकळे फिरतात. म्हणजे प्राणी तेच. जादा पैसे असतात ते प्राणी कसे बघायला मिळतात याचे. साबी सँडमध्ये उघडी जीप रस्ता सोडून झाडीत शिरू शकते. बॉनेटवरच्या खुर्चीत ट्रॅकर बसलेला असतो, तो माग काढत नेतो. एका प्राण्यापाशी दोन-तीनच गाड्या थांबू देतात आणि अंधार पडल्यावरही फेरी चालू राहते. क्रुगरच्या सार्वजनिक भागात रस्ता सोडता येत नाही, आणि बाहेरून आलेल्या गाड्यांना गेट बंद व्हायच्या आत बाहेर पडावंच लागतं. साबी सँडमधल्या अनेक लॉजचं माणशी एका रात्रीचं भाडं लाखाच्या घरात जातं ते यासाठी. हा फरक ज्याला माहीत नाही, त्याला क्रुगरमध्ये सिंह दाखवला की तो समाधानाने घरी येतो. एजंटची सगळी भिस्त याच्यावरच.

माझे बाबा जुन्नर तालुक्यातले. गावाकडे बिबट्या म्हणजे ऊसतोडणीच्या वेळची भीती आणि गोठ्यातून उचललेली शेळी. तो प्राणी एकदा शांतपणे, डोळे भरून बघायचा, ही त्यांची फार वर्षांची इच्छा. साबी सँडमधले बिबटे गाड्यांना सरावलेले आहेत, जीप त्यांच्या मागोमाग जाते, हे त्यांनीच वाचून काढलं होतं. ते आणि आई निवृत्तीच्या पैशांतून निघाले होते. त्यामुळे मी एजंटकडे लॉजचं लेखी कन्फर्मेशन मागितलं, आणि ते आलंही. लॉजचा लोगो, आमची नावं, तारखा, बुकिंग नंबर, सगळं त्यावर होतं. ते बनावट होतं.

विमानतळावरून गाडी हेझीव्ह्यूच्या लॉजवर गेली तेव्हा ड्रायव्हरच्या कागदावर याच लॉजचं नाव होतं. फोन केला तर एजंट म्हणाला, ‘मॅडम, ही त्यांचीच दुसरी प्रॉपर्टी आहे, उद्या बघा तुम्ही.’ दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही फाबेनी गेटवर गाड्यांच्या रांगेत उभे होतो. हे क्रुगरचं गेट. आत डांबरी रस्ता. एका वळणावर पंधरा-वीस गाड्या अडकलेल्या, आणि त्यांच्या पलीकडे झाडाखाली बिबट्या. बाबा उठून उभे राहिले, तर गाइडने त्यांना खाली बसवलं. तेवढ्यात बिबट्या उठला आणि झुडपांत गेला. बाबांनी विचारलं, आपण मागे का जात नाही? गाइड सरळ बोलला: इथे रस्ता सोडायला बंदी आहे, ते साबी सँडमध्ये चालतं, तुमचं बुकिंग तिथलं नाही. बाबा दिवसभर काही बोलले नाहीत. त्यांचा तो चेहरा आठवला की मला आजही संताप येतो.

हेझीव्ह्यूच्या लॉजवाल्यांचा यात काही दोष नाही. त्यांना त्यांच्या नेहमीच्या दराने पैसे मिळाले होते आणि त्यांनी आमचं नीट केलं. साबी सँडमधल्या लॉजला मी त्यांच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर ईमेल केला. आमच्या नावाने कधीच बुकिंग नव्हतं.

परत आल्यावर एजंटचं म्हणणं एकच: ‘बिग फाइव्ह (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) दिसले ना? मग?’ आणि करारातली एक ओळ, ‘नमूद लॉज किंवा तत्सम’. डांबरी रस्त्यावरून गर्दीतला सिंह बघणं हे कशाच्या ‘तत्सम’ आहे? त्याने पॅकेजवर टीसीएस म्हणून, म्हणजे एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर म्हणून, वेगळी रक्कम घेतली होती, तीही माझ्या पॅनवरच्या 26एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारं आयकर खात्याचं विवरण) दिसली नाही. म्हणजे फसवणूक लॉजपुरती नव्हती.

तुम्ही बुकिंग करत असाल तर एजंटने दिलेल्या फोन नंबरवर खात्री करू नका. लॉजची वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या रिझर्व्हेशन विभागाला तुमच्या नावाने विचारा. खरं बुकिंग असेल तर असे लॉज सहसा निघण्याआधी तुमच्याकडून फॉर्म भरून घेतात: काय खाता, काय चालत नाही, औषधं, जोखमीचं संमतिपत्र. आम्हाला असं काहीच आलं नव्हतं. कुठल्या गेटने आत जाणार हेही विचारा. साबी सँडची गेटं शॉज, न्यूइंग्टन आणि गॉवरी. तिथे रिझर्व्हचं वेगळं प्रवेशशुल्क लागतं. फाबेनी, नंबी किंवा पॉल क्रुगर गेटचं नाव निघालं तर तिथेच थांबवा, कारण ती राष्ट्रीय उद्यानाची गेटं आहेत. साबी नावाचं गाव आहे आणि साबी नदीही आहे, त्यामुळे ‘साबी परिसर’, ‘ग्रेटर क्रुगर भाग’ असल्या शब्दांवर पैसे देऊ नका. रिझर्व्हचं आणि लॉजचं पूर्ण नाव करारात असू द्या, आणि ‘किंवा तत्सम’ खोडायला लावा.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, एजंटच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. सारखीच तक्रार असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्रही दाद मागू शकतात. त्यामुळे तुमचंही पॅकेज साबी सँडचं होतं आणि राहिलात हेझीव्ह्यूला, तर व्हाउचर, पावत्या, एजंटचे व्हॉट्सॅप मेसेज काहीही डिलीट करू नका, आणि 26एएस आजच उघडून बघा.