चायना बेल्स: जिथे झाडच साक्ष देतं

बागकामाची जोड दिलेल्या कोझी मिस्टरी इंग्रजीत ढिगाने निघतात. खून पडद्याआड होतो, तपास करणारी बाई पोलिसात नसते, आणि शेवटच्या पानापर्यंत गुन्हेगार हाती लागतो. दिवसभराची कटकट संपल्यावर वाचायला हा प्रकार उत्तम. अडचण एवढीच, की बऱ्याच मालिकांमध्ये बाग फक्त मुखपृष्ठावर असते. त्यातली नायिका फुलवाली असली काय नि शिंपीण असली काय, कथेला काही फरक पडत नाही. सुझन विटिग अल्बर्ट यांची चायना बेल्स मालिका या दोषातून बरीचशी सुटली आहे.

विद्यापीठातली मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून लेखनाकडे वळलेल्या अल्बर्टबाईंनी १९९२ साली 'थाइम ऑफ डेथ'ने सुरुवात केली. चायना ही ह्यूस्टनमधली फौजदारी वकील. वकिलीला कंटाळून ती टेक्सासच्या हिल कंट्रीत, पेकन स्प्रिंग्ज या काल्पनिक गावात, औषधी आणि सुगंधी वनस्पतींचं दुकान टाकते. शेजारी मैत्रीण रूबीचं टॅरो-ज्योतिषाचं दुकान. चायनाची वकिली उलटतपासणी आणि रूबीचं 'मला आतून वाटतंय' यांची जुगलबंदी हा मालिकेचा कणा आहे. चायनाचा जोडीदार मॅक्वेड माजी पोलीस असल्यामुळे तपासातली आतली माहिती तिला मिळते, तेही पटतं.

सर्वांत चोख बांधणी 'चिली डेथ'ची (१९९८). चिली, म्हणजे मांस आणि मिरच्यांचा टेक्सासी रस्सा, शिजवण्याच्या स्पर्धेत एक परीक्षकच मरतो. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असते. टेक्सासच्या कट्टर मंडळींना चिलीत राजमासुद्धा चालत नाही, तिथे शेंगदाणा आला कुठून? भाजीत सवयीने कूट घालणाऱ्या आपल्या वाचकाला हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. इथे पदार्थ बाजूला काढला तर कथाच उरत नाही.

'अ प्लेन व्हॅनिला मर्डर' (२०१९) व्हॅनिलाच्या ऑर्किडभोवती फिरते. हे फूल जेमतेम एक दिवस उमलतं, त्याच दिवशी हाताने परागीभवन करावं लागतं, आणि पुढे शेंग पक्व व्हायला आठ-नऊ महिने जातात. ही युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. कोकणात सुपारीच्या बागेत वेल लावून पाहिलेल्यांना या पिकाचा भाव आणि त्यामागची हाव समजावून सांगायला नको. 'हेमलॉक'मध्ये (२०२१) चोरी होते ती एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्या अठराव्या शतकातल्या वनस्पतिग्रंथाची. नवरा कर्जापायी तुरुंगात, म्हणून या बाईंनी पाचशे चित्रं काढून तो ग्रंथ हप्त्याहप्त्याने विकला. ही खरी हकिकत कादंबरीतल्या चोरीपेक्षा जास्त पकड घेते, हे कादंबरीचं यशही आणि दुखणंही.

दोष आहेत. मधल्या काही भागांत वनस्पती शीर्षकापुरतीच उरते. मॅक्वेड सोयीस्करपणे गावाबाहेर जातो. चायना माहिती द्यायला लागली की संशयित बिचारा दारात ताटकळतो. प्रकरणांच्या सुरुवातीला येणारे वनस्पतींवरचे उतारे मात्र वगळू नयेत. कधीकधी पुढच्या प्रकरणाचा रोख तिथेच कळतो.

पुस्तकांच्या शेवटी दिलेल्या पाककृती करून बघण्याजोग्या आहेत. त्यातली अमेरिकी मापं अशी: कप २४० मिली, मोठा चमचा १५ मिली, ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७५ सेल्सिअस. ताज्या पानांऐवजी वाळकी असतील तर एक तृतीयांश घ्या.

वाचून रोझमेरी लावायची हुक्की येतेच. हिल कंट्रीची जमीन चुनखडीची, उथळ. पाणी थांबत नाही. आपली काळी माती पाणी धरून बसते आणि पावसाळ्यात रोझमेरी मुळापासून कुजते. दिवाळीनंतर दहा-बारा सेंटिमीटरची फांदी घ्या, खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा आणि जाड वाळूत लावा. मुळं धरायला महिना-दीड महिना लागतो. नंतर कुंडीत निम्मी माती, उरलेल्यात बहुतांश जाड वाळू आणि थोडं कंपोस्ट. जूनमध्ये कुंडी पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी हलवा.

रहस्यकथा लिहू पाहणाऱ्यांनी या मालिकेतून उचलायची ती रीत. झाडाचं वेळापत्रक हातात घ्या आणि त्यावर खोटं बोलणारा माणूस उभा करा. समजा सोसायटीत प्राजक्ताखाली गाडी उभी आहे. मालक म्हणतो, 'मी रात्री दोनलाच निघालो.' पण सकाळी झाडाखाली सगळीकडे सडा आणि मधोमध गाडीएवढा कोरा आयत. प्राजक्त गळतो पहाटे, म्हणजे गाडी तेव्हा तिथेच होती. झाडूवाली सातला येते, त्यामुळे हा पुरावा तासाभराचाच, आणि तो कोणी पाहिला हे आधी पेरावं लागतं. कथा एप्रिलमध्ये घडवलीत तर सगळं मुसळ केरात, कारण प्राजक्ताचा बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून. ब्रह्मकमळही कामाचं. ते फुलताना बघायला रात्री अख्खा मजला जमतो, फोटो काढतो, आणि फोटोंवर वेळ असते. गैरहजर कोण, ते आपोआप कळतं.

विषारी झाडांत नवखे हमखास घसरतात. एरंडेल पाजून खून होत नाही. एरंडीतलं रायसिन हे प्रथिन आहे, ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. धोतऱ्याचा बळी शांत झोपलेला सापडत नाही. तोंडाला कोरड, बाहुल्या विस्फारलेल्या, असंबद्ध बडबड. शेजारीपाजारी जागे होतातच. पिवळ्या कण्हेरीने हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून घाईतल्या डॉक्टरला तो हृदयविकार वाटू शकतो. व्हिसेरा (मृताच्या आतल्या अवयवांचे नमुने) तपासणीला गेला की मात्र गोष्ट बदलते. पुरलेल्या वस्तूमुळे हायड्रेंजियाचा रंग आठवड्यात बदलणं हीदेखील थाप. आम्लधर्मी मातीत ॲल्युमिनियम शोषलं गेलं की फुलं निळी होतात, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात.

विकत घ्यायची तर ई-बुक सोपं. जुने भाग कागदावर शोधत बसावं लागतं. क्रम पाळणं बरं, कारण 'लॅव्हेंडर लाइज'मधलं (१९९९) चायना-मॅक्वेडचं लग्न पुढच्या प्रत्येक भागाच्या मलपृष्ठावर गृहीत धरलेलं असतं. एकच भाग वाचणार असाल तर 'चिली डेथ'. 'हेमलॉक' सुटा वाचला तरी चालतो.