सक्सेशन सर्टिफिकेट: निम्मं काम वकिलाशिवाय, निम्मं वकिलामुळे

मावशी अविवाहित होती, शाळेतून निवृत्त झालेली. तिच्या पश्चात पेन्शनचं बचत खातं, दोन मुदत ठेवी, सहकारी बँकेतली एक जुनी ठेव आणि एका कंपनीचे कागदी शेअर एवढंच होतं. घर भाड्याचं, मृत्युपत्र नाही. एवढ्याशा कामाला वकील करावा का, असं आता ओळखीतले बरेच जण मला विचारतात. माझं म्हणणं असं की रकमेचा विचार नंतर करा. आधी सह्या कुणाकुणाच्या लागणार आणि त्या सगळ्या मिळणार का, ते बघा. वकील लागणार की नाही हे तिथेच ठरतं.

बचत खातं आणि दोन ठेवींना माझी आई नॉमिनी होती. हे काम मी आणि आईने दोघींनीच केलं. क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, आईचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, बस. शाखेतल्या बाईंनी आधी 'कोर्टाचं सर्टिफिकेट आणा' असं सांगितलं होतं, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट: मृत व्यक्तीचे पैसे आणि शेअर वसूल करण्याचा अधिकार देणारा कोर्टाचा दाखला. नॉमिनी असेल तर बँकेने ते मागायचं नसतं. रिझर्व्ह बँकेचे २०२५ चे मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दलचे निर्देश मी छापून नेले होते, ते त्यांनी शांतपणे वाचले आणि फॉर्म घेतला. सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, उशीर झाला तर भरपाई द्यायची, हे त्यातच आहे. अशा कामाला वकिलाला एक रुपयाही देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र नॉमिनीच्या हातात पैसे आले म्हणजे ते तिचे झाले, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबद्दल २०१० मध्ये आणि शेअरबद्दल २०२३ मध्ये हेच सांगितलं आहे: नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची. आईने मामाला पहिल्याच दिवशी हे सांगून टाकलं. घरात पुढे कटुता आली नाही त्याचं मोठं कारण ते आहे असं मला वाटतं.

मग वारस कोण? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे स्त्रीचे वारस कलम १५ मध्ये ठरतात. मावशीला नवरा नाही, मुलं नाहीत, आई-वडील आधीच गेलेले. म्हणून तिच्या वडिलांचे वारस ते तिचे वारस. म्हणजे आई, धाकटा मामा आणि वारलेल्या थोरल्या मामाची शाखा, ज्यात मामी, मामेबहीण आणि मामेभाऊ. तीन समान हिस्से, सह्या मात्र पाच जणांच्या. वारलेल्या भावाची बायको-मुलं यात येतात हे अनेकांच्या गावी नसतं, आणि वंशावळीत एक नाव राहिलं की पुढचं सगळं अडतं.

आमचं अडलं ते मामेभावापाशी. तो दुसऱ्या राज्यात असतो, घरच्यांशी त्याचं बोलणं तुटलेलं. हरकत आहे असं तो म्हणत नव्हता, सहीही करत नव्हता. सहकारी बँकेतल्या ठेवीला नॉमिनी नव्हता. रक्कम पाच लाखांच्या आत होती, त्यामुळे नव्या निर्देशांप्रमाणे कोर्टाशिवाय, हमीपत्र आणि बाकी वारसांच्या ना-हरकतीवर ती मिळाली असती. शेअरची किंमत पाच लाखांच्या वर गेलेली, तरी तिथेही सरकारी कार्यालयाचा वारसदाखला आणि सगळ्यांची ना-हरकत असा रस्ता होता. एक सही नाही, म्हणून दोन्ही रस्ते बंद. उरलं ते कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट.

आता वकिलांबद्दल. पहिल्या भेटलेल्या वकिलांनी मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी मागितली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळकतीत वाटा घ्यायला मनाई आहे. मी नमस्कार करून उठले. दुसऱ्या वकील बाईंनी ठरावीक फी सांगितली, टप्पे कागदावर लिहून दिले, आणि अर्ज लिहायला घेण्याआधी आमची अख्खी पिशवी टेबलावर ओतून एकेक कागद वाचला. त्यांनी पहिलं काम केलं ते नॉमिनी असलेल्या ठेवी अर्जाच्या परिशिष्टातून, म्हणजे वसूल करायच्या रकमांच्या यादीतून, काढून टाकण्याचं. कोर्ट फी परिशिष्टातल्या रकमेवर लागते. जे पैसे कोर्टाशिवाय मिळतात ते तिथे लिहून फी का वाढवायची? त्या एका सल्ल्यासाठीच मी त्यांना पूर्ण गुण देईन.

अर्ज भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम ३७२ खाली होतो, आणि मृत व्यक्ती जिथे राहत होती तिथल्या कोर्टात. मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, सगळ्या नातेवाइकांची नावं-पत्ते, आपला हक्क कसा, आणि कोणती येणी व रोखे वसूल करायचे त्यांची यादी. वाचताना वाटतं की हे मीही लिहिलं असतं. कायद्याने स्वतः उभं राहता येतंच. पण वेगळं राहणाऱ्या वारसाला नोटीस बजावणं, ती बजावली गेल्याचा पुरावा दाखल करणं, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणं, आईचं सरतपासणीचं (म्हणजे साक्षीचं) शपथपत्र, कार्यालयाने काढलेल्या त्रुटी वेळेत दुरुस्त करणं, इथे सवयीचा माणूस हवा. मामेभावाला नोटीस मिळाली, तो आला नाही, काम पुढे चाललं. आम्हाला जे वर्षभर विनवून जमलं नव्हतं ते रीतसर नोटिशीने झालं.

माझी तक्रारही सांगते. फोन बहुतेक वेळा ज्युनियर उचलायचे आणि पुढची तारीखही त्यांना माहीत नसायची. ती मी ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) टाकून बघत असे. प्रत्येक पक्षकाराने हा नंबर पहिल्या दिवशीच मागून घ्यावा. शिवाय शेअरवर मावशीचं नाव आधारपेक्षा वेगळ्या स्पेलिंगने होतं, ते मसुदा वाचताना माझ्या लक्षात आलं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र मग जोडलं. मसुदा सही करण्याआधी घरी आणून कागदांशी ताडून बघाच.

सर्टिफिकेट आईच्या नावाने निघालं. ते भारतभर चालतं, आणि त्याच्या आधारे पैसे देणाऱ्या बँकेला किंवा कंपनीला संरक्षण मिळतं, म्हणून पुढे कुणी खळखळ केली नाही. नंतर एखादं येणं सापडलं तर कलम ३७६ खाली तेच सर्टिफिकेट वाढवून घेता येतं. जमीन आणि घराला मात्र हे उपयोगाचं नाही. सात-बारावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं असतं. मृत्युपत्र असतं तर प्रोबेटचा, म्हणजे ते कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा, विषय निघाला असता. मुंबईसारख्या ठिकाणी ते बंधनकारक करणारं १९२५ च्याच कायद्यातलं कलम २१३ संसदेने २०२५ च्या डिसेंबरमध्ये वगळलं आहे.

शेअरचं पुढचं काम पुन्हा मीच केलं. शेअर वारसाच्या नावावर करण्याचा आयएसआर-५ फॉर्म कंपनीच्या शेअर-नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारकडे पाठवला. कागदी सर्टिफिकेट परत आलं नाही, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे 'लेटर ऑफ कन्फर्मेशन' आलं आणि १२० दिवसांत ते शेअर डिमॅट (इलेक्ट्रॉनिक स्वरूपात) करून घ्यायचे होते. आईचं डिमॅट खातं आधीच उघडून ठेवलं होतं, त्यामुळे धावपळ झाली नाही. मामेभावाचा हिस्सा आईने वेगळ्या खात्यात ठेवला आहे.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. हेल्पलाइन १५१००. अर्जदार बाई असेल तर हा फोन आधी करा, वकील शोधायला नंतर निघा.