हळदीच्या कॅप्सूल, पाच महिने: पुढे छापलेला १००० आधी नीट वाचा

आधी एक स्टार दिला होता, मग चार केले, आता परत एकावर आणतेय. तीनदा मत बदललं म्हणून हसू नका, तिन्ही वेळा पैसे माझेच गेलेत.

बाटली तुम्हाला माहीतच असेल. ९५ टक्के कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक), जोडीला मिरीचा अर्क, ६० कॅप्सूल, ११४९ रुपये. मी सांगलीची. मार्केट यार्डाच्या बाजूने रिक्षा गेली तरी हळदीचा वास येतो अशा गावात मी हळद कुरिअरने मागवली, तेव्हा ह्यांनी जे तोंड केलं ते अजून डोळ्यासमोर आहे. सासऱ्यांची हळद हरिपूरच्या पेवात असायची. जमिनीखालचा खड्डा, वर बारीक तोंड, आत वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या पुराने बऱ्याच पेवांची वाट लावली. त्या घरातली सून हळद बाटलीतून खाणार!

कारण गुडघा. जिना उतरताना कळ यायची. डॉक्टर म्हणाले, झीज सुरुवातीची आहे, पण तुमची बीपीची गोळी चालू आहे, पेनकिलर रोज घेऊ नका. बीपी वाढतं, किडनीवरही ताण येतो. मग म्हटलं, नैसर्गिक काहीतरी बघू.

आता त्या १००० बद्दल. बाटलीच्या पुढच्या बाजूला अंगठ्याएवढ्या अक्षरात ‘१००० मिग्रॅ’. कोणीही शहाणा माणूस समजेल की एका कॅप्सूलमध्ये तेवढं आहे. मी रोज एक घेत होते. ६० कॅप्सूल, दोन महिने, दिवसाला १९ रुपये. ठीक. ३६ दिवस झाले, गुडघा जिथल्या तिथे. एक स्टार दिला आणि कस्टमर केअरला फोन लावला.

“मॅडम, एक सर्व्हिंग म्हणजे दोन कॅप्सूल.”

“मग पुढे ५०० का नाही छापत?”

“मॅडम, ते प्रति सर्व्हिंग आहे.”

“साखरेच्या पुड्यावर कोणी दोन पुड्यांचं वजन छापतं का?”

“तुमचा फीडबॅक नोंदवलाय, मॅडम.”

पंचांग वाचायचं भिंग आणून बघितलं. मागे, बारकोडच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं खरं. म्हणजे बाटली दोन महिन्यांची नाहीच, एका महिन्याची. दिवसाला ३८ रुपये! एवढ्यात अर्धा लिटर दूध येतं. त्या भिंगातूनच आणखी एक ओळ दिसली, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. तीही लाल झालेल्या गुडघ्याच्या चित्राशेजारी. आता गुडघ्याचं चित्र काय शोभेला काढलंय?

तरी दोन घ्यायला लागले. आणि खरं सांगते, तीन आठवड्यांत फरक पडला. सकाळी उठल्यावर पाय टेकताना जो आखडलेपणा असायचा तो कमी झाला. देवळाच्या पायऱ्या कठडा न धरता उतरले. चार स्टार तेव्हाचे. ९९९ ला एक या भावाने तीनचा पॅक घेतला, संपत आल्यावर आणखी तीनचा.

हे म्हणाले, “त्यापेक्षा दुधात चमचाभर टाक की.” मी हिशोब मांडला. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. दोन कॅप्सूलइतकं मिळवायचं तर रोज ३० ग्रॅम हळद खावी लागेल, म्हणजे आठ-दहा चमचे. शिवाय नुसतं कर्क्युमिन अंगी लागत नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या लोकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरीन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिलं तर ते रक्तात २० पट उतरतं. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीवाल्यांवर चार आठवडे चाचणी झाली, त्यात हळदीचा अर्क आयबुप्रोफेन या पेनकिलरच्या बरोबरीने उतरला आणि पोटाच्या तक्रारी कमी होत्या. हे वाचून दाखवल्यावर ह्यांची बोलती बंद. माझी मान ताठ.

मग पाचवा महिना. जेवण नकोसं झालं. पुरणपोळीचा वास आला तरी मळमळायचं. वाटलं उन्हाळा. सून मागे लागली म्हणून रक्त तपासलं, तर लिव्हर दुखावलं की वाढतो तो एसजीपीटी ११८. एरवी तिशीच्या आत असायचा.

डॉक्टरांनी विचारलं, “औषधं काय घेता?”

“बीपीची एकच.”

“आणखी काही?”

“औषध काही नाही.”

सून शेजारून म्हणाली, “आई, त्या हळदीच्या गोळ्या?” मी तिच्याकडे असं बघितलं, की वरणातल्या हळदीची तक्रार कोणी डॉक्टरकडे करतं का! डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं आणि बाटली घेऊन यायला सांगितलं.

त्यांनी सांगितलं ते असं. स्वयंपाकातली हळद वेगळी आणि हा दाट अर्क वेगळा. लिव्हर आणि आतडं कर्क्युमिनची झटपट विल्हेवाट लावतात, म्हणून ते एरवी फारसं रक्तात उतरत नाही. पिपरीन नेमकं तेच काम मंदावतं. म्हणजे ज्या २० पटीसाठी मी ३८ रुपये मोजत होते, तीच कदाचित नडली. इटलीत २०१९ मध्ये असे लिव्हरचे रुग्ण निघाले. अमेरिकेत असे १० रुग्ण तपासले तर त्यातल्या ७ जणांत एका जनुकाचा ठरावीक प्रकार सापडला, म्हणजे हे सगळ्यांना होत नाही. मला झालं. कावीळ बी आणि सी निगेटिव्ह, सोनोग्राफी स्वच्छ, म्हणून संशय बाटलीवर. गोळ्या बंद. सहा आठवड्यांनी ६१, दहाव्या आठवड्यात ३२. जेवण पूर्ववत.

तपासण्यांचा खर्च वेगळा, तो इथे मांडत नाही, परत रक्तदाब चढेल.

गुडघा? गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, दहा आकडे मोजायचे, सोडायची. फिजिओने शिकवलंय. एक पैसा लागत नाही. गोळ्यांइतका पटकन गुण नाही, हे कबूल करते. जिना अजून कठडा धरूनच उतरते.

राहिल्या दोन सीलबंद बाटल्या आणि एक उघडी, २२ कॅप्सूल शिल्लक. परत घ्या म्हटलं तर “सात दिवसांची मुदत संपली, मॅडम.” लिव्हरचा रिपोर्ट पाठवला, तर उत्तरात पुढच्या ऑर्डरवर १५ टक्के सूट! आणि कालच बघितलं, नवीन लेबल आलंय. गुडघ्याचं चित्र काढून टाकलंय. १००० तसाच आहे, उलट मोठा केलाय.

हा एक स्टार रिकाम्या बाटल्यांसाठी. झाकण घट्ट बसतं, मोहरी आणि मेथ्या छान राहतात.

समोरच्या वहिनी त्या दोन सीलबंद बाटल्या अर्ध्या किमतीत मागत होत्या. त्यांना हृदयासाठी रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, आणि त्या गोळीबरोबर तर डॉक्टरांनी हे स्पष्ट नको म्हटलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी येते पैसे सोडले. वहिनींना वाटतंय, मी दुसऱ्या कोणाला जास्त भावाने विकल्या. चार दिवस झाले, बोलत नाहीत.