भिवापूर रस्त्यावरचे चार नळ

नागपूर जिल्ह्यातलं उमरेड मागे टाकून भिवापूरच्या दिशेने निघालं की थोड्या वेळाने डाव्या हाताला एक पत्र्याची पाटी लागते. त्यावर फक्त ‘जेवण’ आणि खाली बाण. बिअरचा उल्लेखही नाही. बाणाच्या दिशेने कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना कपाशी-तूर, आणि पाव किलोमीटर आत गेलं की कौलारू पडवीचं हॉटेल. मागच्या खोलीत काचेआड बिअर बनवायच्या स्टीलच्या टाक्या उभ्या दिसतात तेव्हा पहिल्यांदा आलेला माणूस थबकतोच.

इतकं आत का, याचं उत्तर कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. मार्च २०१७ मध्ये २०,००० पर्यंत वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटरवर आणलं. त्यामुळे खेड्यात धड परमिट रूम शोधायची तर बहुतेकदा डांबर सोडावं लागतं. पावसाळ्यात मात्र हा कच्चा तुकडा काळ्या मातीचा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये लहान गाडी मुख्य रस्त्याजवळच्या मुरमाच्या जागेत लावून चालत जाणं शहाणपणाचं. चिखलात रुतलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर मिळतो, पण त्याची वाट बघण्यात जेवणाची वेळ निघून जाते.

बसल्यावर पहिला प्रश्न बिअरचा नसतो. “गाडी कोण चालवून राह्यलं जी?” असं विचारतात. ज्याने हात वर केला त्याच्यापुढे अंबाडीच्या फुलांचं सरबत येतं, त्याचे पैसे लावत नाहीत. भाड्याच्या गाडीचा डायवर असला तर त्यालाही आत बसवून तेच ताट वाढतात, मागे झाडाखाली बाज टाकलेली असते. रस्त्यावरच्या हॉटेलांत डायवरला स्वयंपाकघराच्या दाराशी उरलंसुरलं द्यायची जी रीत आहे, ती इथे नाही. आमच्या मते या जागेचा आपलेपणा इथूनच सुरू होतो, बिअर त्यानंतरची.

उरलेल्यांना चार छोटे ग्लास, प्रत्येकी साधारण ६० मिलि, चाखायला फुकट मिळतात. पटली ती घ्यायची, एकही पटली नाही तर नुसतं जेवायचं, कोणी तोंड वाकडं करत नाही. एक दिवसाचा पिण्याचा परवाना पाच रुपयांत तिथेच फाडून देतात. वयाबद्दल शंका आली तर ओळखपत्र मागतात, त्यावर हुज्जत घालू नये.

नळ चार. पहिल्यावर गव्हाची जर्मन धाटणीची बिअर, हेफेवाइझन. निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), न गाळलेली, म्हणून गढूळ. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि “यात इसेन्स टाकला का?” हा प्रश्न हमखास विचारला जातो. नाही. दोन्ही वास त्या जातीच्या यीस्टने आंबवताना तयार होतात. टाकी जरा उबदार राहिली तर केळं वर येतं, थंड राहिली तर लवंग. इथे लवंग किंचित पुढे आहे. मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना हे जमणं म्हणजे टाकीभोवतीचं थंड पाणी एक मिनिटही थांबलेलं नाही. ही ज्या एल जातीत मोडते, त्या जातीची बिअर साधारण १८ ते २० अंशांवर आंबवतात. वीज गेली, जनरेटर उशिरा लागला आणि टाकी २७-२८ वर चढली, की नेलपॉलिशसारखा उग्र वास बसतो, तो पुढे कशानेही जात नाही. खेड्यात क्राफ्ट बिअर बनवणाऱ्याचा खरा खर्च माल्टवर नाही, गारव्यावर होतो.

दुसऱ्या नळावर संत्र्याची. नागपूर संत्र्याचं नाव लावून काहीही खपवायची पद्धत बघता याच नळावर सगळ्यात जास्त संशय होता, आणि सगळ्यात चांगली निघाली तीच. मूळ रीत बेल्जियमची: गहू, धने, संत्र्याची साल. चूक बहुतेक जण एकच करतात, रस घालतात. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे उरतो पातळ आंबटपणा. आंबवणं संपल्यावर रस घातला तर पुन्हा आंबायला लागतं आणि नळातून नुसता फेस येतो. इथे फक्त साल वापरतात, तीही वरची नारिंगी. आतला पांढरा पापुद्रा आला की तोंड कडू होतं. घरी करून बघणाऱ्यांसाठी अंदाज: २० लिटरला ४० ते ५० ग्रॅम ताजी साल आणि १५ ते २० ग्रॅम भरडलेले धने, उकळी संपायच्या शेवटच्या पाच मिनिटांत. आधी टाकली तर वास वाफेबरोबर घरभर जातो, ग्लासात उरत नाही. संत्र्याचे दोन बहार आहेत. आंबिया दिवाळीच्या आगेमागे येतो, मृग उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधल्या काळात वाळवलेली साल वापरतात, तेव्हा हीच बिअर जरा मुकी लागते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलात तर हीच घ्या.

तिसरी तांबूस, ज्वारी घालून केलेली. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो. त्यामुळे बार्लीबरोबर ६५ अंशांच्या पाण्यात तशीच टाकली तर ती कच्चीच राहते आणि गाळताना चोथा बसून सगळं तुंबतं. म्हणून ज्वारीचा भरडा आधी वेगळा, कण्या शिजवतो तसा शिजवून घ्यायचा आणि मग मिसळायचा. चव कोरडी, शेवटाला भाकरीच्या पापुद्र्यासारखी. ज्वारी आहे म्हणून ही ग्लुटेन नसलेली बिअर, असा समज कोणी करून घेऊ नये. यात बार्ली आहेच. चौथी स्टाउट, भाजलेल्या माल्टची काळी. बोअरचं पाणी क्षारांनी जड असलं तर फिकट बिअर बिघडते, पण काळं माल्ट स्वतः आंबट असल्याने तो जडपणा पेलतं. पाणी गाळून घेण्याची सोय इथे आहे, तरी चारही नळांत स्टाउट सर्वांत कमी हेलकावे खाते, ते यामुळेच असावं. तक्रार एकच: ती फार गार देतात. चार-पाच अंशांवर कॉफी-कोकोचा वास बंदच असतो. ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवा, मग प्या.

“कडक आहे का?” असं विचारणाऱ्यांची निराशा होईल. चारही ४.५ ते ५.५ टक्क्यांच्या आत आहेत. बाटलीतल्या स्ट्राँगची सवय असलेल्याला पहिला ग्लास पाणचट वाटतो.

ग्लासाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण त्यावरून वाद होताना दिसतात. बर्फाने पांढरा झालेला ग्लास इथे देत नाहीत, गार पाण्याने विसळून लगेच भरतात. हेच बरोबर आहे. फ्रीजरमधल्या ग्लासाला चिकटलेला बर्फ बिअरमधला गॅस एकदम सोडवतो, फेस उसळतो, वर पाणी मिसळतं. ग्लास स्वच्छ आहे का, ते बघायची साधी खूण: भरलेल्या ग्लासात काचेला आतून बुडबुडे चिकटून बसले असतील तर साबण किंवा तेल राहिलंय. आम्हाला असे ग्लास दिसले नाहीत. मात्र सावजी खाताना ओठांना तर्री लागते आणि दोन घोटांत फेस खाली बसतो. तो बिअरचा दोष नाही. ओठ पुसा.

जेवणाकडे वळायचं तर, सावजी मटण इथे खड्या मसाल्याचं आहे, दगडफूल आणि खसखस वाटून घातलेली, रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ, तेल जवसाचं. जवसाचं तेल आता बऱ्याच ठिकाणी गायब झालंय, त्याचा थोडा कडसर वास नसला तर सावजी अर्धं. तिखट मागाल तसं करत नाहीत, एकच करतात. भिवापुरी मिरचीचा प्रदेश आहे, ही मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली, ठेचाही तिचाच. इथे एक इशारा: मद्याने आणि बुडबुड्यांनी तिखटाची आग वाढते, आणि कडू बिअरने आणखी. सावजीवर ज्वारीची तांबूस चालते, कारण ती फार कडू नाही. संत्र्याची घेतली तर तिचा नाजूक वास मसाल्याखाली मरतो, पैसे वाया. तिची जोडी पुडाच्या वडीशी, आत भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर, भरलेल्या. धन्याच्या बिअरबरोबर सांभाराची वडी, वरून कढी. चार नळांतली आणि स्वयंपाकघरातली सर्वांत चांगली जोडी ही. शाकाहारी माणसाला पाटोडी रस्सा आहे. पाटोड्या घट्ट, रश्शात फुटत नाहीत, पण रस्सा मटणाच्याच मसाल्याचा, त्यामुळे तितकाच झणझणीत. लहान मुलं असतील तर साधं वरण आधी सांगून ठेवा, मेन्यूवर नाही.

उणिवा आहेत. शनिवारी-रविवारी संध्याकाळी तिसऱ्या नळाला तुपकट, लोण्यासारखा वास येतो. असा वास दोन कारणांनी येतो: बिअर यीस्टवर पुरेशी न ठेवता घाईने काढली, किंवा नळी धुतलेली नाही. एकाच नळाला आणि गर्दीच्याच दिवशी येतो, त्यावरून घाई असावी असा आमचा अंदाज. बिअरची नळी दर चौदा दिवसांनी औषधी पाण्याने धुवायची असते. विचारलं तर वही दाखवतात, ही गोष्ट त्यांच्या बाजूची. वास आलाच तर निःसंकोच परत करा, बदलून देतात. दुसरी उणीव दुपारची. काउंटर ते नळ हा नळीचा फूटभर भाग गारव्याबाहेर आहे, तिथली बिअर तापते आणि दिवसाचा पहिला ग्लास फेसाचा येतो. पहिला पाव लिटर जगमध्ये सोडून द्यायला हवा. बहुतेक वेळा देतात, विसरले तर आठवण करा.

अर्ध्या लिटरचा ग्लास ३५० रुपये, कर वेगळा. मटण ताट ३२०. नागपुरातल्या दरांशी तुलना करता बिअर थोडी स्वस्त, मटण बरोबरीचं. यूपीआय चालतं, पण आत रेंज कधी असते कधी नसते. रोख जवळ ठेवा.

बिअर बांधून देत नाहीत आणि मागूही नका. ती तापवून निर्जंतुक केलेली नसते, उन्हात उभ्या गाडीत तिची चव लवकर बिघडते. शिवाय पुढचा रस्ता बघा. नागभीड, ब्रह्मपुरीवरून वडसाकडे निघालात तर वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. परतताना वर्ध्याकडे वळणाऱ्यांनाही तेच लागू. डिकीत एक बाटली सापडली तरी सहल तिथेच संपते.

आणि चालवणाऱ्याने एकच ग्लास घेतला तर काय होतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये जवळपास २० ग्रॅम मद्य असतं. सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात त्यामुळे १०० मिलिला ४० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. कायद्याची मर्यादा ३० आहे, आणि शरीर तासाला सुमारे १५ उतरवतं. संध्याकाळनंतर उमरेडकडच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात, काहींचे मागचे दिवे लागत नाहीत. चालवणाऱ्याने अंबाडीच्या सरबतावरच राहावं, ते खरंच चांगलं आहे, साखर बेताची.

उमरेडमार्गे ताडोब्याला जाणारे चिमूरकडे वळतात, त्यांना हे वाटेत पडत नाही, मुद्दाम यावं लागेल. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याची दुपारची सफारी करून येणाऱ्यांना मात्र सोयीचं. ड्राय डेला नळ बंद, स्वयंपाकघर चालू. गोळाभात खायचा असेल तर बसता बसताच सांगा. डाळ भरडून गोळे वाफवायला पाऊण तास लागतो, आणि त्यावर ओतायचं फोडणीचं तेल ते पानात वाढल्यावरच कडकडीत तापवून आणतात.