कोबाल्ट फेराइट: सहअवक्षेपण की सोल-जेल ज्वलन?
कोबाल्ट फेराइट म्हणजे लोह, कोबाल्ट आणि ऑक्सिजनचं चुंबकी संयुग; त्याचे अतिसूक्ष्म कण बनवायच्या या दोन पद्धती. सहअवक्षेपणात, म्हणजे दोन्ही धातू द्रावणातून एकत्र खाली बसवताना, लोह आणि कोबाल्टच्या क्षारांचं २:१ प्रमाणातलं द्रावण सुमारे ८० अंश सेल्सिअसला ढवळत त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालायचं. काळा साका बसतो, कण बहुधा १० ते २० नॅनोमीटरचे. पण सोडियम निघेपर्यंत धुवत राहावं लागतं.

सोल-जेलमध्ये याच धातूंची नायट्रेटं आणि सायट्रिक आम्ल यांच्या द्रावणाचं घट्ट जेल करायचं. जेल तापलं की स्वतःच पेट घेतं आणि हलकी, फुगीर राख उरते. हे पाहायला मला दरवेळी आवडतं. धुणं नाही, मात्र ही राख भाजायला भट्टी हवी. भाजण्याचं तापमान ४०० वरून ८०० अंशांवर नेलं की कण मोठे होतात, संपृक्त चुंबकन (पदार्थ जास्तीत जास्त किती चुंबकित होतो ते) वाढतं. थोडं जस्त मिसळलं तर कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व पुसायला लागणारं उलटं चुंबकी क्षेत्र) उतरते. गुणधर्म हवे तसे वळवायला मी हीच पद्धत घेईन. चुंबकी द्रवासाठी (चुंबकी कण तरंगत ठेवलेल्या द्रवासाठी) बारीक कण हवे असतील, तर सहअवक्षेपण.